अरियालूरचे सागरी थर आणि रखडलेला कायदा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तमिळनाडूतील अरियालूर आणि पेरांबलूर या जिल्ह्यांत क्रिटेशस काळातील, म्हणजे डायनासोरांच्या अखेरच्या कालखंडातील, सागरी गाळाचे जे खडक उघडे पडले आहेत, त्यांच्या भवितव्याविषयी आपल्या पत्राच्या माध्यमातून काही मांडण्याची परवानगी असावी. अनेक वर्षे विद्यार्थ्यांना जीवाश्मशास्त्र शिकवताना भारतातील सागरी थरांचा विषय निघाला की पहिले उदाहरण याच प्रदेशाचे द्यावे लागे.

गोंडवन हा महाखंड तुटून भारताचा पूर्व किनारा आकाराला येत असताना कावेरी खोऱ्यात समुद्र शिरला, कधी पुढे सरकला, कधी मागे हटला, आणि सुमारे 11 कोटी वर्षांपूर्वीपासून डायनासोरांच्या अस्तापर्यंतचा काळ त्याने गाळाच्या रूपाने तेथे मांडून ठेवला. या थरांचे उत्ताटूर, त्रिचनापल्ली आणि अरियालूर असे तीन समूह मानले जातात. कराई गावाजवळच्या धुपलेल्या, झाडोरा नसलेल्या चिकणमातीच्या टेकड्यांत जिप्समच्या शिरा आणि अमोनाइट या नामशेष सागरी प्राण्यांची वेटोळी कवचे सापडतात. कल्लनकुरिचीच्या चुनखडीत ग्रिफिया या जाड शिंपल्यांचे थरच्या थर आहेत. आणि सातनूरला अश्मीभूत झालेला 18 मीटर लांबीचा अखंड वृक्ष आडवा पडला आहे, ज्याला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिला आहे. एकोणिसाव्या शतकात भूवैज्ञानिक ब्लॅनफर्ड यांनी या थरांचे सर्वेक्षण केले आणि जीवाश्मशास्त्रज्ञ स्टोलिझ्का यांनी येथील जीवसृष्टीचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. तेव्हा नोंदलेल्या कित्येक प्रजातींची ओळख आजही याच जागांशी बांधलेली आहे, म्हणून नवा नमुना पडताळायचा तर अभ्यासकाला त्याच थरापाशी परत जावे लागते.

अडचण अशी आहे की ज्या चुनखडीत हे शिंपले आहेत, तीच सिमेंटचा कच्चा माल आहे. अरियालूरभोवती सिमेंट कारखाने आणि त्यांच्या खाणी वर्षानुवर्षे चालू आहेत. त्यावर हजारो कुटुंबांची चूल पेटते, आणि खाणी बंद कराव्यात असे मी म्हणणार नाही. तथापि, सुरुंग लागण्याआधी तो थर कोणा जाणकाराने पाहिला का, नमुने उचलले का, थराची नोंद झाली का, हे प्रश्न विचारण्याची सक्ती कोठेतरी असायला हवी. थरापासून सुटलेला जीवाश्म दिसायला कितीही सुंदर असला तरी त्याचा काळ आणि परिसर सांगणारा पुरावा हरवलेला असतो.

या हानीचे सर्वांत बोचरे उदाहरण याच प्रदेशातील कल्लमेडू येथील आहे. तेथील हाडांवरून 1987 मध्ये यादगिरी आणि अय्यासामी यांनी बृहत्कायोसॉरस या प्रचंड डायनासोराचे वर्णन केले. पायाचे एकच हाड सुमारे 2 मीटर लांब होते. ते अवशेष ठिसूळ होते, त्यांत पावसाचे पाणी मुरले, आणि सुरक्षित जागी पोहोचण्याआधीच त्यांचा चुरा झाला. जगातील सर्वांत मोठ्या भूचरांपैकी एक ठरू शकेल अशा प्राण्याविषयीचा वाद त्यामुळे आता रेखाचित्रे आणि जुनी छायाचित्रे यांच्या आधारे चालतो.

आपल्या नागपूरला हे दुःख परके नाही. मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी हंटर यांनी 1855 मध्ये नागपूर परिसराच्या भूरचनेवर निबंध प्रसिद्ध केला. लाव्हाच्या थरांमध्ये अडकलेल्या गोड्या पाण्यातील गाळातून टाकळीला मिळालेले शंख, फळे आणि बिया यांमुळे हे नाव जगभरच्या भूशास्त्रज्ञांच्या ओठी गेले. अरियालूरच्या समुद्राचा शेवटचा काळ आणि आपल्याकडील लाव्हाचे उद्रेक यांत भूशास्त्राच्या हिशेबाने फारसे अंतर नाही, म्हणजे डायनासोर संपले त्या काळाची किनाऱ्यावरची आणि खंडाच्या आतली बाजू या दोन ठिकाणांहून ताडून पाहता येते. वाढत्या शहराने टाकळी पोटात घेतली. आज विद्यार्थ्याला तेथे नेऊन हा पाहा तो थर, असे सांगण्याजोगी जागा सहजी सापडत नाही, याची मला फार खंत वाटते.

केंद्रीय खाण मंत्रालयाने डिसेंबर 2022 मध्ये भूवारसा स्थळे आणि भूअवशेष यांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला होता. राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक हा दर्जा सन्मानाचा असला तरी त्याच्या पाठीशी कायद्याचे बळ नाही, म्हणून असा कायदा निकडीचा आहे. त्या मसुद्यात अधिकार मुख्यतः भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे दिले होते. विद्यापीठांतील संशोधक आणि स्थानिक प्रशासन यांनाही निर्णयात स्थान मिळावे. खाणपट्ट्याच्या अटींत जीवाश्मांची पूर्वतपासणी यावी, थरांचा निदान एक उभा छेद प्रत्येक महत्त्वाच्या खाणीत न तोडता राखावा, आणि मिळालेले नमुने वरणवासी येथील जीवाश्म संग्रहालयासारख्या जवळच्या ठिकाणी जमा व्हावेत. सर्वेक्षणाचे मध्य विभागाचे मुख्यालय आपल्या सेमिनरी हिल्सवर आहे. तेव्हा विदर्भातील खासदारांनी संसदेच्या येत्या अधिवेशनात या मसुद्याचे पुढे काय झाले हे खाण मंत्र्यांना विचारावे, अशी माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक,
धरमपेठ, नागपूर