दुसऱ्या टोकाला कुणीतरी हवं

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

बागांमधली जुनी लोखंडी खेळणी जाऊन रंगीत प्लास्टिकची आली, याबद्दल हळहळणारे बहुतेक जण माझ्याच वयाचे असतात. मीही हळहळतो, पण घसरगुंडीसाठी नाही. भर उन्हात पत्र्याच्या घसरगुंडीवर हाफपँट घालून जो एकदा बसला आहे, तो तिचे गोडवे गाणार नाही.

मला आठवतो तो सी-सॉ. एक लांब फळी, मधे लोखंडी आडवा दांडा, दोन्ही टोकांना धरायला कड्या. एकट्याला त्याचा काडीचा उपयोग नसे. त्यामुळे कितीही बुजरा पोरगा असला तरी कुणाला तरी "येतोस का?" विचारावंच लागे. जोडीदार वजनदार निघाला तर तो मध्याकडे सरके, नाहीतर आपल्या बाजूला आणखी एक जण चढे. पुढे शाळेत तरफेचा नियम आला, तेव्हा वजन आणि अंतराचा हा हिशेब आमच्या बुडाला आधीच पाठ होता. आणि आपण वर असताना समोरच्याने हळूच उडी मारली, की माकडहाडापासून डोक्यापर्यंत जी कळ जाई ती विसरायला आठवडा लागे. त्या मुलासोबत पुन्हा बसायचं की नाही, हे मात्र लगेच ठरे. आता त्याजागी स्प्रिंगवरचा घोडा असतो. मूल एकटंच बसतं, एकटंच डुलतं.

गोल फिरणाऱ्या चक्राचंही तसंच. कडेला लोंबकळणारे सगळे एकदम आत सरकले, की कुणी न ढकलता चक्राचा वेग वाढायचा. कारण तेव्हा कळलं नाही, कळायची गरजही वाटली नाही.

चढायच्या लोखंडी सांगाड्याची, म्हणजे जंगलजिमची, कथा तर मजेशीर आहे. शिकागोजवळच्या विनेट्का गावात सेबॅस्टियन हिंटन या पेटंट वकिलाने तो घडवला आणि १९२३ मध्ये त्याचं पहिलं पेटंट मिळालं. मूळ कल्पना त्याच्या वडिलांची. चार्ल्स हिंटन गणितज्ञ होते. जपानमध्ये असताना मुलांना तीन मिती कळाव्यात म्हणून त्यांनी बांबूचा सांगाडा उभारला होता. ते आकडे पुकारायचे आणि मुलांनी त्या सांध्यावर पोचायचं. मुलांना गणित किती आलं देव जाणे, चढायला मात्र आवडलं.

ही खेळणी धोकादायक होती, हे मान्य. माझ्या कोपरावरचा व्रण साक्षीला आहे. पण तेव्हा झोक्याखाली सर्रास काँक्रीट किंवा टणक माती असे. उंचावरून पडणाऱ्याचं हाड वाचणार की मोडणार, हे बरंचसं खालच्या जमिनीवर ठरतं. तिथे खोल, भुसभुशीत वाळू टाका, गंजलेले सांधे बदला, फळीच्या टोकांखाली जुने टायर अर्धे पुरा. एवढ्याने भागत असताना सगळंच भंगारात कशाला? अॅम्स्टरडॅममध्ये वास्तुविशारद आल्डो व्हान आइक यांनी १९४७ पासून सातशेहून अधिक खेळमैदानं आखली. वाळूचा हौद, साध्या नळ्यांच्या कमानी, उड्या मारायला ठोकळे, बस्स. त्यांतली काही आजही वापरात आहेत.

परवा एका बागेत चुकून उरलेला सी-सॉ दिसला. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून टोकावर बसलो. पाचेक मिनिटांत एक चिमुरडी न विचारताच समोर येऊन चढली. अर्थात फळी हलेना. मी जमिनीवर, ती वर लटकलेली. वरूनच ओरडली, "आजोबा, पुढे सरका ना!"

सरकलो.

आपला,
एक वाचक