नाटक सुटणार किती वाजता?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकातल्या नाटकांच्या जाहिरातींविषयी हे पत्र आहे. शनिवार-रविवारचं ते पान कॉलेजची मुलं अजूनही कागदावरच वाचतात, कारण मुंबई-ठाण्यात कुठे काय लागलंय हे इतकं एका नजरेत दुसरीकडे दिसत नाही. नाटकाचं नाव, कलावंतांचे फोटो, ‘शनि. रात्रौ ८.३० दीनानाथ, रवि. दु. ४ गडकरी’ असं सगळं त्यात असतं. प्रयोग सुटणार कधी, हे मात्र बहुतेक जाहिरातींत नसतं. सुरू होण्याच्या वेळेला जोडून सुटण्याची वेळ आणि सर्वांत कमी दराचं तिकीट, एवढ्या दोन गोष्टी छापायला निर्मात्यांना सांगावं, ही आमची विनंती आहे.

गाडीवाल्या प्रेक्षकाला याचं महत्त्व वाटणार नाही. पाच-सहा मित्रमैत्रिणींनी मिळून नाटकाला जायचं ठरवलं की पहिला प्रश्न ‘कुठलं नाटक’ हा नसतो, ‘परत कसं यायचं’ हा असतो. विलेपार्ल्याच्या दीनानाथ मंगेशकर नाट्यगृहातला साडेआठचा प्रयोग धरा. दोन अंक आणि पंधरा मिनिटांचं मध्यंतर असलेलं नाटक साधारण सव्वादोन ते अडीच तासांचं असतं. म्हणजे सुटायला पावणेअकरा-अकरा. गर्दीतून बाहेर पडून स्टेशन गाठेपर्यंत सव्वाअकरा, दादरला पूल ओलांडून मध्य रेल्वेच्या फलाटावर पावणेबारा, आणि कल्याणच्या मुलाचा पाय घराच्या उंबऱ्याला लागेपर्यंत एक वाजून गेलेला. त्यात नाटक अडीचऐवजी पावणेतीन तासांचं निघालं किंवा प्रयोगच वीस मिनिटं उशिरा सुरू झाला, तर पुढचं सगळं गणित कोसळतं. मग शेवटच्या प्रवेशात मागच्या रांगांतून मुलं वाकून वाकून बाहेर पडताना दिसतात. नाटक आवडलेलं असतं, पण लोकल चुकवणं परवडणारं नसतं.

वसतिगृहातल्या मुलींची अडचण याहून मोठी. बऱ्याच वसतिगृहांचं फाटक रात्री नऊ-दहाला बंद होतं. उशिराची परवानगी मिळते, पण अर्जात परत येण्याची वेळ लिहावी लागते. ‘नाटक संपल्यावर’ असं लिहून कुठल्याही रेक्टर सही करत नाहीत. ‘प्रयोग ८.३० ते ११’ असं छापलेलं कात्रण अर्जाला जोडता आलं, तर किती मुलींचा प्रश्न सुटेल!

मग दुपारचा प्रयोग बघा, असं कुणी म्हणेल. आम्हीही तेच सांगतो, पण रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकलचा एखादा मार्ग काही तास बंद. मध्य रेल्वेवर माटुंगा ते मुलुंड धीम्या मार्गावर ब्लॉक असला की साधारण अकरा ते चार धीम्या गाड्या जलद मार्गाने धावतात आणि विद्याविहार, कांजूरमार्ग, नाहूरला थांबत नाहीत. म्हणजे चारच्या प्रयोगाला निघण्याची वेळ नेमकी ब्लॉकमध्ये. तिकिटं काढण्याआधी शनिवारी ब्लॉकची बातमी वाचावी आणि घरातून नेहमीपेक्षा पाऊण तास आधी निघावं. उशीर झाला आणि नाटक सुरू होण्याची तिसरी घंटा होऊन गेली, तर अंधारात मोबाइलचा उजेड पाडत खुर्ची शोधण्यापेक्षा दाराशी थांबून प्रवेश बदलताना आत शिरावं. जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये तर ही सोयही नाही. तिथे तिसऱ्या घंटेनंतर दार उघडत नाहीत. खुर्च्यांना क्रमांकही नसतात, आधी येईल तो हवी ती जागा घेतो. सहा जणांना शेजारी शेजारी बसायचं असेल, तर सहाच्या सहा जण वेळेआधी रांगेत हवेत.

आता तिकीट. व्यावसायिक नाटकाच्या पुढच्या रांगा पाचशेच्या आसपास, मागे तीनशे, बाल्कनी त्याहून कमी, असे दर साधारण दिसतात. विद्यार्थ्याला पाचशेचा आकडाच ऐकून माहीत असतो, म्हणून तो जाहिरात वाचून पान उलटतो. शिवाय अॅपवरून तिकीट काढलं की प्रत्येक तिकिटामागे सुविधा शुल्क लागतं. सहा तिकिटं म्हणजे ते सहा वेळा. खिडकीवर ते लागत नाही, आणि अॅपवर ‘संपली’ दिसणाऱ्या रांगांतल्या जागा कधीकधी खिडकीवर शिल्लक असतात. मात्र बऱ्याच नाट्यगृहांची खिडकी सकाळी आणि संध्याकाळी अशा दोन खेपांत उघडी असते. दुपारी कॉलेज सुटल्यावर जाणारा हात हलवत परततो. गटातल्या एकानेच सगळ्यांचे पैसे आधी घेऊन सकाळी जाणं बरं, कारण काढलेलं तिकीट प्रयोग रद्द झाल्याशिवाय सहसा परत घेत नाहीत आणि आयत्या वेळी गळणारा एक तरी असतोच.

स्वस्त जागा म्हणजे वाईट जागा, हा समजही काढून टाकायला हवा. बाल्कनीची पहिली रांग, मधल्या खुर्च्या : इथून संपूर्ण रंगमंच, पात्रांची ये-जा, प्रकाशाचे बदल उत्तम दिसतात. खाली बाल्कनीच्या छताखालच्या शेवटच्या रांगांपेक्षा ही जागा कितीतरी चांगली, कारण त्या छतामुळे सभागृहाच्या माथ्यावरून परतणारा आवाज तिथवर नीट पोचत नाही आणि हळू बोललेलं वाक्य हरवतं. अगदी टोकाच्या खुर्च्या मात्र टाळाव्यात. दिवाणखान्याचं नेपथ्य असेल, तर डावीकडे बसणाऱ्याला डावीच भिंत दिसत नाही. त्या भिंतीत दार असलं की पात्र कुठून आलं ते कळत नाही, नुसता हशा ऐकू येतो.

विद्यार्थ्यांना नाटकाची आवड उरलेली नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी २५ जानेवारीच्या रात्री ‘चतुरंग’ या संस्थेची सवाई एकांकिका स्पर्धा पाहावी. रात्रभर सभागृह तरुण मुलांनी भरलेलं असतं. एकांकिका हे त्यांचंच क्षेत्र हे खरं, पण आणखी एक साधं कारण आहे : ती स्पर्धा सकाळी संपते, तेव्हा लोकल सुरू झालेल्या असतात. राज्य नाट्य स्पर्धाही विद्यार्थ्याला अशीच सोयीची. प्राथमिक फेरीचं तिकीट अवघं दहा-पंधरा रुपयांचं असतं, गिरगावच्या साहित्य संघात प्रयोग असला तर चर्नी रोड स्टेशन चालत जाण्याच्या अंतरावर, आणि तरी या प्रयोगांची वेळ-ठिकाण वर्तमानपत्रात बारीक अक्षरांत कुठेतरी येतं. ते जाहिरातींच्या पानावरच एका चौकटीत आलं तर फार बरं होईल.

निर्माते म्हणतील, वेळ नेमकी सांगता येत नाही. ते खरंच आहे. हशा-टाळ्यांनी प्रयोग पाच-दहा मिनिटं लांबतो. आधीच्या नाटकाचा सेट निघून आपला लागेपर्यंत उशीर होतो, ट्रॅफिकमध्ये टेम्पो अडकला तर आणखी होतो. पण त्यांच्या मॅनेजरला सरासरी पक्की ठाऊक असते, नाहीतर एका दिवसात दोन नाट्यगृहांत प्रयोग लावताच आले नसते. ‘सुमारे’ हा शब्द आम्हाला चालेल. जाहिरातीची एक ओळ अशी पुरे : रवि. दु. ४ ते सुमारे ६.३०, तिकीट २०० रुपयांपासून. जागेचे पैसे मोजावे लागतात याची कल्पना आहे, म्हणूनच ही एक ओळ आपण सर्व नाटकांना विनामूल्य द्यावी, असं सुचवतो.

कळावे,
आपले,
महाविद्यालयीन नाट्यमंडळातील काही विद्यार्थी, मुंबई