इंजिन फियाटचं, मग गाडी मॉरिसच राहते का?

बर्मिंगहॅम

प्रिय पक्या,

तुझा व्हॉइस मेसेज मिळाला, पण मागे मिस्त्रीचा ग्राइंडर असा काही चालू होता की दोनतीनदा ऐकावा लागला. प्रश्न दोन आहेत असं समजतो. काकांच्या मॉरिस एटमध्ये फियाटचं इंजिन टाकलंय तर ती व्हिंटेज म्हणून पास होईल का, आणि मी घेतलेल्या ऑस्टिनचं पुढे काय झालं. मेसेजवर टाइप करायला घेतलं तर संपेचना म्हणून सरळ पत्रच लिहितोय, रविवारी चहा घेऊन निवांत वाच.

आधी माझी सांगतो, कारण तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्यातच आहे. ऑस्टिन सेव्हन ही इथल्याच लाँगब्रिजच्या कारखान्यातली गाडी, 1922 ते 1939 पर्यंत बनली, सगळ्या मिळून 2,90,000 च्या आसपास. हर्बर्ट ऑस्टिनने स्टॅनले एज नावाच्या 18 वर्षांच्या पोराला हाताशी धरून ड्रॉइंग काढून घेतली होती, आपण त्या वयात काय दिवे लावत होतो ते जाऊ दे. 747 सीसीचं इंजिन, इंग्रजी ए च्या आकाराची चेसी म्हणजे खालचा सांगाडा, पुढे स्प्रिंग म्हणून एकच आडवा पाटा. युद्धानंतर या गाड्या कवडीमोल झाल्या तेव्हा इथल्या पोरांनी सलूनची, म्हणजे बंद छपराच्या गाडीची, बॉडी उचकटून फेकून द्यायची आणि वर अ‍ॅल्युमिनियमची नाहीतर फायबरची दोन सीटची बॉडी चढवायची असा सपाटाच लावला. अशा गाडीला 'स्पेशल' म्हणतात. रेसच्या गाड्यांची लोटस कंपनी काढणाऱ्या कॉलिन चॅपमनने 1948 ला पहिली लोटस बनवली ती अशीच, ऑस्टिन सेव्हनवर. तर माझी गाडी त्याच जातीतली, फक्त बनवणारा माणूस कुणाला माहीत नाही.

विकणाऱ्याने जाहिरातीत 'अल्स्टर' लिहिलं होतं. अल्स्टर म्हणजे सेव्हनचं स्पोर्ट्स मॉडेल, 1929 च्या अल्स्टर टीटी शर्यतीत सेव्हन तिसरी आली त्यावरून नाव पडलं, आणि किंमत साध्या गाडीच्या कितीतरी पट. त्यामुळे इथे शेपटी निमुळती केलेली प्रत्येक सेव्हन विकताना अल्स्टर होते. मी तिकडे लक्षच दिलं नाही, टेप काढली आणि व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, मोजला. जुनी चेसी सव्वासहा फुटांची आणि 1931 च्या शेवटानंतरची पावणेसात फुटांची, माझी भरली सव्वासहा. म्हणजे चेसी तरी आधीची, ते पक्कं. मग इंजिन. सेव्हनची क्रँक, म्हणजे इंजिनातला फिरणारा दांडा, आधी दोन बेअरिंगवर फिरायची, तीन बेअरिंगची 1936 ला आली, आणि माझ्यात बसलेलं इंजिन तीनचं! गिअरबॉक्स मात्र जुना तीन गिअरचाच. पुढचा अ‍ॅक्सल मधोमध कापून दोन्ही चाकं वेगवेगळी हलतील असा केलेला, हा इथला जुना फेमस उद्योग, लेस्ली बॅलॅमी नावाचा माणूस अशी किट विकायचा. बॉडी अर्थातच उपरी. आता सांग, ही गाडी कुठल्या सालची?

इथल्या सरकारी नोंदणीच्या हिशोबात बॉडीला शून्य किंमत आहे, हे मला फार आवडलं. ऑगस्ट 2025 पर्यंत वर्षानुवर्षं पॉइंट मोजायची पद्धत होती: मूळ चेसीला 5, सस्पेन्शन 2, अ‍ॅक्सल 2, गिअरबॉक्स वगैरे 2, स्टिअरिंग 2, आणि इंजिनला फक्त 1. आठ भरले की गाडीची ओळख, म्हणजे जुना नंबर आणि साल, जुनीच राहायची. माझं सस्पेन्शन गेलं, अ‍ॅक्सल गेले, इंजिन गेलं, तरी 9 उरतात. पण चेसी कुणी कापून लांब केली असती तर ते 5 गेले असते आणि खेळ खलास, मग वेगळी तपासणी आणि क्यू अक्षराचा नंबर, ज्याचा अर्थ ही गाडी नक्की कधीची ते सांगता येत नाही. म्हणून मी बॉडी उचलून आधी चेसी वायर ब्रशने घासली, जोड कुठे दिसतोय का बघायला. वजन कमी करायला पाडलेली भोकं सापडली, वेल्डिंगचा जोड नाही. ऑगस्ट 2025 पासून हे सगळं बरंच सैल झालंय, मोठे बदल कळवायचे पण मूळ नंबर आणि ओळख ठेवता येते. तरी पॉइंटांचा हिशोब करून बघायला काय जातं, आपल्या हातात नेमकं काय आहे ते तरी कळतं.

खरी अडचण वेगळीच होती. इथे गाड्यांचे रेकॉर्ड आधी लोकल कौन्सिलकडे असायचे, मग स्वान्सीच्या सरकारी वाहन नोंदणी कचेरीच्या कॉम्प्युटरवर गेले, आणि 1983 च्या नोव्हेंबरअखेर ज्यांनी नोंद केली नाही त्यांची गाडी सिस्टीममध्ये नाहीच. माझी गाडी तेव्हा कुठल्यातरी शेडमध्ये पडून होती. नंबरप्लेट आहे, अक्षरं बर्मिंगहॅमची आहेत, पण प्लेट काय कुणीही लावेल. जुने नंबर इथे महाग विकले जायचे म्हणून लोकांनी नसते उद्योगही केले, आता असा सरकारकडून परत मिळवलेला नंबर दुसऱ्या गाडीवर टाकता येत नाही. जुना नंबर परत मिळवायला लागतो व्ही765 नावाचा फॉर्म, सोबत त्या काळातला कागद, आणि जुन्या गाड्यांच्या मान्यताप्राप्त क्लबच्या माणसाने गाडी बघून केलेली सही.

कागद नशिबाने निघाला. जुनं घडीचं लॉगबुक, आपल्या आरसी बुकासारखं, मालक बदलले की कौन्सिलचा शिक्का. आणि त्यात, पक्या, इंजिन नंबर खोडून खाली नवीन लिहिलाय, 1957 चा शिक्का मारून! म्हणजे त्या माणसाने गाडीची पार वाट लावली पण रीतसर कळवून लावली. मला तर त्या अज्ञात माणसाला सलाम करावासा वाटला. त्या लॉगबुकाने तीन कामं झाली: आत्ताचं इंजिन जुळलं, चेसीचा नंबर जुळला, आणि बदल जुने आहेत हे सिद्ध झालं. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण 40 वर्षांवरच्या गाडीला इथे वार्षिक तपासणी माफ आहे पण गेल्या 30 वर्षांत मोठे बदल केलेले नसतील तरच.

आणि फॉर्मबरोबर काय मागतात माहितीये? चेसी नंबरवर कागद धरून पेन्सिल घासलेला ठसा. आपल्या आरटीओबाहेरचे एजंट काढतात तीच पेन्सिल प्रिंट, सेम! फॉर्म गेलाय, उत्तर यायचंय.

क्लबातले काहीजण म्हणतात हे 57 सालचं भंगार काढ, छान अल्स्टरसारखी बॉडी बनवून घे. मी नाही म्हटलं. एवढं जपून ठेवलेलं पुसायचं आणि वर नवीन खोटं घालायचं, कशाला?

आता तुझं. आपल्याकडचा नियम उलटा आहे, तो नीट समजून घे. 2021 च्या व्हिंटेज नियमात गाडी 50 वर्षांवरची हवी आणि मूळ रूपात हवी, म्हणजे चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. नंबरात मधे व्हीए अक्षरांची सिरीज, नवीन नोंदणीला 20,000 रुपये, दहा वर्षांची मुदत, आणि रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती अशा कामांनाच रस्त्यावर काढायची. तेव्हा फियाटच्या इंजिनासकट या नियमात बसणं मला तरी कठीण दिसतंय. पण काकांचं आरसी बुक जिवंत असेल तर तुला व्हिंटेजची घाई कशाला? आधी बघ की इंजिन बदलल्याची नोंद त्यात आहे का, मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली ती करून घ्यावी लागते. काकांचा स्वभाव बघता केली असणार. नसेल तर आरटीओत स्वतः जा आणि आहे तसं सांग.

एक मात्र ऐक. कोणी एजंट म्हणाला की मॉरिसच्या इंजिनाचा जुना ब्लॉक आणून त्यावर बुकातला नंबर पंच करून देतो, तर त्याला गॅरेजच्या दारातूनच परत पाठव. फियाटचं इंजिन खरं आहे, पंच केलेला नंबर खोटा असेल, आणि एकदा तो ठोकला की पुढे कुणालाच या गाडीचं खरं-खोटं करता येणार नाही. मूळ इंजिन सापडलं तर घेऊन ठेव, पण फियाटचं भंगारात घालू नकोस.

चेसी नंबर, इंजिन नंबर आणि आरसी बुकाचं प्रत्येक पान, कोरी पानंसुद्धा, फोटो काढून पाठव. मिस्त्रीला सांग नंबरवर ग्राइंडर लावू नको, रॉकेल आणि फडकं पुरे.

तुझा,
अव्या

ता.क. मूळ इंजिन काकांनी कुणाला दिलं होतं ते काकूंना विचार, त्यांना नक्की आठवत असेल.