पुस्तक विकत घेतले, ऐकायचे मात्र नाही!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतील डिजिटल कुलुपांवरचा लेख काल वाचला. ई-पुस्तकांची कुलुपे, म्हणजे नक्कल रोखणारी तांत्रिक बंधने, काढणारे आणि ती कशी काढावीत हे एकमेकांना शिकवणारे, अशा सर्वांना लेखकमहाशयांनी सरसकट ‘चाचे’ ठरवले आहे. त्यांच्या व्यासंगाबद्दल मला आदर आहे. परंतु त्यांच्या व्याख्येनुसार माझ्या ८४ वर्षांच्या आईच्या फोनमध्ये चोरीचा माल भरलेला असल्यामुळे खुलासा करणे भाग आहे.

दृष्टिपटलाचा मधला भाग झिजल्याने आईला आता छापील अक्षर दिसत नाही. फोनमधील टॉकबॅक मराठी मजकूर वाचून दाखवतो. जोडाक्षरांवर अडखळत का होईना, दाखवतो. म्हणून गेल्या दिवाळीत मी एका विक्रेत्याकडून रीतसर पैसे मोजून तेरा ई-पुस्तके घेतली. पहिले पुस्तक उघडले, तेव्हा टॉकबॅकने त्याचे नाव उच्चारले आणि नंतर ‘पान एक’, ‘पान दोन’ एवढेच म्हणत राहिला. कोणी नक्कल करू नये म्हणून मजकूर असा बंदिस्त केलेला, की वाचून दाखवणाऱ्या यंत्रणेच्याही तो हाती लागू नये! आईने विचारले, “अरे, पुस्तक कोरे आहे का?”

विक्रेत्याला तीन ई-मेल केले. तिसऱ्याचे उत्तर आले: गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, पुस्तके ऐकायची असल्यास ऑडिओ आवृत्ती स्वतंत्रपणे विकत घ्यावी. तेरापैकी दोनच पुस्तकांची ऑडिओ आवृत्ती निघालेली होती, ही बाब त्या सौजन्यपूर्ण उत्तरात नव्हती. अखेर भाच्याने इंटरनेटवरील ओळखीतून एका तरुणाला गाठले. त्या ‘चाच्या’ने आधी तेराही पुस्तकांच्या खरेदीच्या पावत्या मागितल्या, मग कुलुपे काढून दिली आणि एक पैसाही घेतला नाही.

आपल्या लेखकांनी कॉपीराइट कायद्यातील कलम ६५अ चा धाक घातला आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या या कलमात दोन वर्षांपर्यंत कैद आहे, हे खरेच. पण ती हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्याला. कायद्याने मना न केलेल्या कामासाठी ते काढण्यास त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात मोकळीक आहे. अट इतकीच, की मदत करणाऱ्याने मदत घेणाऱ्याचे नाव-पत्ता आणि कामाचा हेतू नोंदवून ठेवावा. अपंग व्यक्तीसाठी सुलभ प्रत तयार करण्याची मुभा कलम ५२ मध्ये त्याच दुरुस्तीने आली. अंधांना पुस्तके मिळावीत यासाठीच्या माराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वांत आधी मान्यता देणारा देशही आपलाच. लेखक पहिल्या भागापाशीच थांबले, याला घाई म्हणावे की सोय, हे त्यांनीच सांगावे.

हा झगडा नवा नाही. अमेरिकेत २००९ मध्ये ॲमेझॉनचे किंडल हे ई-पुस्तके वाचण्याचे यंत्र ती मोठ्याने वाचून दाखवू लागले, तेव्हा ऑथर्स गिल्ड या लेखकांच्या संघटनेने हरकत घेतली आणि ॲमेझॉनने ती सोय हव्या त्या पुस्तकापुरती बंद करण्याचा अधिकार प्रकाशकांना देऊन टाकला. त्यावर अंध वाचक न्यूयॉर्कमध्ये त्या संघटनेच्या दारात निदर्शनांना उभे राहिले. तेथे अंधांसाठी कुलूप काढण्याची सवलत आहे, पण ती दर तीन वर्षांनी नव्याने मागावी लागते. चष्मा लावण्याची परवानगी कोणी दर तीन वर्षांनी मागत नाही.

जाता जाता आणखी एक. हा लेख आईला ऐकवावा म्हणून आपल्या ई-पेपरवर टॉकबॅक लावला, तर तेथेही ‘चित्र’, ‘चित्र’ एवढेच ऐकू आले. शेवटी मीच तो वाचून दाखवला. ई-पेपरचा मजकूर फोनला वाचता येईल अशा रूपात कधीपासून मिळेल, हे कृपया कळवावे. वार्षिक वर्गणीची पावती सोबत जोडली आहे.

आपला,
एक वर्गणीदार, सातारा