स्मारक-चॅपलची खिडकी: आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई-बाबा,
सा. न.

बाबा, स्मारक-चॅपलच्या, म्हणजे गेलेल्यांच्या आठवणीतल्या छोट्या प्रार्थनागृहाच्या, रंगीत काचेच्या खिडकीबद्दल फोनवर तुम्ही विचारलंत, "कागदावर चित्र झालं की काचेवर उतरवायचं, एवढंच ना?" नीट उत्तर द्यायचं राहिलं, म्हणून लिहिते आहे.

चित्राआधी उजेड बघावा लागतो. खिडकी कुठल्या दिशेला, बाहेर झाड आहे की भिंत? इथे इंग्लंडात उत्तरेच्या खिडकीवर थेट ऊन जवळजवळ येतच नाही. तिथे गडद काच घातली तर आत काळोख. दक्षिणेला फिकी काच घातली तर समोर बसलेल्यांचे डोळे दिपतात. मग दगडी चौकटीचे कागदी साचे, प्रत्येक गाळ्याचा (चौकटीतल्या एकेका उघड्या भागाचा) वेगळा, कारण जुने गाळे शेजारी असूनही एका मापाचे नसतात.

खऱ्या मापाच्या चित्रात शिशाच्या रेघा (काचेचे तुकडे जोडणाऱ्या पट्ट्या) आणि तावदानाला आधार देणारे आडवे गज पहिल्यापासून हवेत. गज मागाहून आखला, तर तो नेमका चेहऱ्यावरून जातो. शिशाच्या पट्टीची, दोन काचांच्या मधे येणारी भिंत साधारण दीड मिलिमीटर जाड. दोन काचांमध्ये तेवढी फट सोडायची. ती विसरली तर एका ओळीतल्या वीस तुकड्यांत रुंदी जवळजवळ तीन सेंटिमीटरनं वाढते आणि तावदान चौकटीत शिरत नाही. आत वळणारा टोकदार कोपराही काचेत कापू नये. तिथूनच तडा जातो. त्या जागी शिशाची रेघ घ्यायची.

आई, रांगोळीत दोन रंगांमध्ये तू पांढरी रेघ ओढतेस, इथे काळी लागते. निळ्या काचेतला उजेड पसरतो. शेजारी लाल असेल तर दुरून सगळं जांभळट होतं. केंटमधल्या ट्यूडलीच्या चर्चमध्ये समुद्रात बुडालेल्या तरुण मुलीच्या आठवणीची, चित्रकार मार्क शागालची १९६७ची खिडकी आहे. खालचा सगळा भाग निळं पाणी, त्यात ती. निळ्याचं पसरणं तिथे दुःखाच्या कामी आलं आहे, असं मला फार वाटतं.

सर्वांत जपायचं ते नाव आणि तारखा. काचेवरच्या काळ्या रंगाच्या थरातून खरवडलेली अक्षरं उजेडात फुगतात, म्हणून कागदावरच्यापेक्षा बारीक आणि सुटी हवीत. स्वच्छ काचेवरच्या काळ्या अक्षरांना उजेड खातो. ती जाड हवीत. नमुना खऱ्या खिडकीत धरून, चर्चमधल्या बाकावरून वाचावा. रंग म्हणजे धातूची भस्मं आणि काचेची पूड. साधारण ६५० अंश सेल्सिअसच्या पुढे भाजल्यावर ती काचेशी एकजीव होते. भट्टी कमी पडली तर वर्षानुवर्षं काचेवर साचणाऱ्या दवानं नाव पुसट होत जातं. चांदीच्या संयुगातून येणारा पिवळा रंग मात्र मागच्या बाजूला, शेवटी, कमी आचेवर.

पुढे शिशाचे सांधे डाक (सोल्डर) लावून पक्के करायचे, जवसाचं तेल आणि खडूच्या पुडीची लांबी (पुट्टी) ब्रशनं पट्टीखाली दाबायची, तावदान तांब्याच्या तारांनी गजांना बांधायचं. गज लोखंडी नकोत. गंजून फुगतात आणि दगड फोडतात. दगडात बसवताना चुनाच वापरावा. सिमेंट लावलं तर पुढे दुरुस्तीला काच काढताना दगडही तुटतो.

कुलाब्याला गेलात तर अफगाण चर्चमध्ये जा. पहिल्या अफगाण युद्धात मरण पावलेल्यांचं ते स्मारक, १८५८चं. तिथल्या खिडक्या इंग्लिश काच-कलाकार विल्यम वेल्सच्या. पूर्वेची सकाळी बघा, पश्चिमेची ऊन कलल्यावर.

तुमची,
ताई