नानांच्या नावावरची फियाट

प्रिय बाळ्या,

तुझे वडील, आपले नाना, गेले तेव्हा मी आलो नाही, नंतर दोन ओळीही पाठवल्या नाहीत. ते मनाला लागून राहिलंय. त्याबद्दल समोर बसूनच बोलेन. आज लिहितोय ते फियाटसाठी, कारण हे तुझ्याशिवाय कुणाला सांगून कळणार नाही. बाकी घरी सगळे बरे. आईचे गुडघे तसेच.

दिवाळीनंतर डुक्कर फियाट गोठ्यातून बाहेर काढली. पुढचे दरवाजे अजून तसेच उलटे उघडतात, आणि तोंडही तसंच, तुझी बहीण अक्का म्हणायची तसं गणिताच्या मास्तरांचं. गाडी १९५६ची, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. २०२१ साली केंद्र सरकारने नियम आणले, की ५० वर्षांहून जुनी गाडी मूळ रूपात असेल, चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नसेल, तर तिची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होते. फी २०,००० रुपये, नोंदणी दहा वर्षांची. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, हे वाचलं आणि मी उठलोच. त्या तीन अक्षरांच्या पाटीवर आपण कोळशाने मिशा काढल्या होत्या, आठवतं?

रॉकेलने वंगण पुसलं, चेसिसच्या नंबरावर कागद धरला आणि पेन्सिल आडवी घासली. एकेक आकडा वर येत गेला. एक जागा गंजलेली, तीन की आठ कळेना. मग माझ्या आप्पांच्या पत्र्याच्या पेटीतून आरसी बुक काढलं, ताडून बघायला. आठच निघाला. आणि वरच्या ओळीत मालकाचं नाव : नानांचं.

बाळ्या, आप्पांचं नाव त्यात कुठेच नाही. गाडी नानांकडून घेतली ती १९७१ला, पण कागद कधी बदललेच नाहीत. दोघांना गरजच वाटली नसणार. आरटीओ कार्यालयातल्या बाईंनी नीट समजावून सांगितलं. आधी मयत मालकाच्या वारसांच्या नावावर फॉर्म ३१ने गाडी चढवायची, मग तिथून विक्रीचे फॉर्म २९ आणि ३० भरून माझ्या नावावर. वारसाने तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो, आपल्याला तर वर्षं लोटली. उशिराचा दंड मी भरेन. पण सही तुझी लागेल, आणि अक्काचीही.

इथवर सोपं होतं. पुढचं सांगायला आठ दिवस धीर गोळा करतोय.

आप्पांची त्या सालची डायरी मिळाली. चैत्रात लिहिलंय, ‘फियाटचा पहिला हप्ता नानांस पोचता.’ श्रावणात दुसरा. हप्ते तीन ठरले होते, ते पहिल्या पानावर स्पष्ट आहे. तिसऱ्याची नोंद कुठेच नाही. डायरी तीनदा चाळली, पुढच्या वर्षाचीही. त्या साली आमची विहीर आटली होती, म्हणून मला भीती वाटते.

आठवीत तू नदीवर म्हणालास, ‘गाडी आमचीच आहे, तुमच्या आप्पांनी पैसे पुरते दिलेले नाहीत.’ मी तुझा दात पाडला. नानांनी तुलाच रागावून घरी नेलं, वर मला हाक मारून सायकलच्या दांडीवर बसवलं. तू घरात काही ऐकलं होतंस का रे? की रागात बोललास? मी पन्नास वर्षं हेच धरून बसलो, की तू खोटं बोललास. तसं नसेल तर मी तुझा मोठा अपराधी आहे.

नाना रोज रात्री हिशेबाची वही लिहायचे, लाल कापडाची. ती अजून आहे का बघ. अक्काकडेही विचार. तुमचं बोलणं बंद आहे हे वहिनींकडून कळलं, वाईट वाटलं. तरी एवढ्यासाठी फोन कर. तिसरा हप्ता राहिला असेल तर आधी तो तुम्हा दोघांच्या हातात देईन, आजच्या हिशेबाने. आणि तुला गाडीच हवी असेल तर तसं सांग, फॉर्म ३१वरच थांबू. मी तिला पुसून, हवा भरून देईन.

एक मात्र सांगतो, व्हिंटेज नोंदणी झाली की गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढंच. तुला स्टँडवर घ्यायला ती येणार नाही. मी बसने येईन.

चिरंजीवाच्या नोकरीचं ऐकून आनंद झाला. तुझी साखर कशी आहे ते कळव. वहिनींना नमस्कार.

वही सापडली नाही तरी लिही. तुला काय आठवतं तेवढंच लिही, मी ते खरं मानेन.

तुझा,
बापू