ड्वार्फ एंजलच्या पहिल्या महिन्यासाठी मनापासून आभार

आदरणीय दादा,

सप्रेम नमस्कार.

ड्वार्फ एंजल, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टँकमधला हा छोटा रंगीत मासा, जगणार की नाही, हे तो मुख्य टँकमध्ये जाण्याआधीच्या महिन्यातच ठरतं, हे तुम्ही नवख्यांना न कंटाळता सांगत आलात. नुसतं सांगून थांबला नाहीत, प्रत्येक गोष्टीमागचं कारणही दिलंत. त्याबद्दल आम्हा सगळ्यांकडून हे जाहीर आभार.

पहिले आभार मासा निवडायला शिकवल्याबद्दल. रंगावर भाळू नका, आधी त्याला समोर खाताना बघा, हा तुमचा आग्रह. पोट आत गेलेलं नको, श्वास धापा टाकल्यासारखा नको आणि मासा दगडावर टिपत हिंडणारा हवा. सुरुवातीला कोरल ब्यूटी किंवा फ्लेम एंजल या जाती घ्या, बायकलर जात नको, हा तुमचा सल्ला पुष्कळांनी मानला. बायकलर दिसायला देखणा असला तरी बऱ्याचदा खाण्यावर येत नाही आणि हळूहळू खंगत जातो.

पिशवीच्या पाण्याबद्दल तुम्ही जे समजावलंत, त्याला तर तोड नाही. लांबच्या प्रवासात पिशवीत अमोनिया साठतो. पण माशाच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असतो, त्यामुळे तो अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशा वेळी पिशवीत तासभर टँकचं पाणी थेंब-थेंब सोडत बसणं म्हणजे माशाला त्याच विषात ठेवणं. त्यापेक्षा पिशवीतल्या पाण्याची क्षारता (मिठाचं प्रमाण) आधी विचारून घ्यायची, क्वारंटाइन टँक, म्हणजे नवा मासा महिनाभर वेगळा ठेवायचा टँक, तेवढ्याच क्षारतेवर आणून ठेवायचा, बंद पिशवी १५-२० मिनिटं तरंगत ठेवून तापमान जुळवायचं आणि पिशवी उघडताच मासा सोडायचा. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही. पुढे पाण्याचं विशिष्ट गुरुत्व (क्षारतेचं माप) रोज ०.००१ ते ०.००२ एवढंच वाढवत १.०२५ पर्यंत न्यायचं, कारण क्षारता उतरवणं माशाला सोसतं, झपाट्याने चढवणं सोसत नाही.

क्वारंटाइनसाठी ६०-८० लिटरचा, तळाशी काही न घातलेला टँक, हीटर, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि स्पंज फिल्टर, एवढं पुरतं. स्पंज मात्र तीन-चार आठवडे आधीपासून चालू टँकच्या संपमध्ये (खालच्या फिल्टरच्या टाकीत) ठेवलेला हवा. कोरडा स्पंज लावला तर त्यात अमोनिया पचवणारे जिवाणू नसतात आणि आठवड्याच्या आतच अमोनिया चढतो. रेती किंवा लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेला सच्छिद्र दगड) ठेवायचा नाही, कारण ते तांबं शोषून घेतात आणि औषधाचं प्रमाण हाती राहत नाही.

तांब्याच्या बाबतीत तुमचा सावधपणा किती माशांना उपयोगी पडला असेल! पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांबं चालतं, पण ड्वार्फ एंजल त्याला नाजूक. चिलेटेड तांबं (दुसऱ्या रसायनाशी बांधलेलं, पाण्यात टिकणारं तांबं) एकदम न टाकता चार-पाच दिवसांत चढवत २.० ते २.५ पीपीएमवर न्यायचं, रोज टेस्ट किटने मोजायचं आणि मासा खाणं सोडतोय असं दिसलं की तिथेच थांबायचं. तांबं चालू असताना अमोनिया ‘बांधणारं’ कंडिशनर टाकू नका, त्याने तांबं जास्त विषारी होतं, ही सूचना तर बाटलीच्या लेबलवर ठळक छापायला हवी. अमोनिया चढला तर पाणी बदलायचं आणि नव्या पाण्यात तेवढंच तांबं आधी मिसळायचं. मुख्य टँकमध्ये तांबं कधीच नाही. कोळंबी, गोगलगायी, कोरल काहीच उरत नाही.

फ्लूक हे अंगाला चिकटणारे बारीक चपटे किडे तांब्याने मरत नाहीत, हेही तुमच्यामुळे ध्यानात राहिलं. तापमान आणि पीएच जुळवलेल्या गोड्या पाण्यात, एअरस्टोन चालू ठेवून, पाच मिनिटं मासा ठेवला की आधी पारदर्शक असलेले फ्लूक पांढरे होऊन तळाशी पडलेले दिसतात. दिसले तर प्राझिक्वांटेल हे औषध, आणि अंड्यांतून नवे निघतात म्हणून आठवड्याच्या अंतराने दुसरा डोस.

खाण्याबद्दल थोडक्यात: क्लिपला नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) दिवसभर, शिवाय स्पिरुलिना (शेवाळाचं खाद्य) आणि मायसिस (बारीक कोळंबीसारखे जीव) मिळून दोन-तीन वेळा थोडं थोडं. निसर्गात हा मासा दिवसभर दगडावरचं शेवाळ खरवडत असतो, एका वेळच्या भरपेट जेवणावर त्याचं भागत नाही. म्हणूनच मुख्य टँक किमान २५० लिटरचा आणि त्यातला लाइव्ह रॉक निदान सहा महिने मुरलेला असावा, ही तुमची अट आम्हाला पटते.

आणि जाळी! गालावरचा काटा जाळीत अडकतो आणि सोडवताना फाटतो. मासा प्लॅस्टिकच्या डब्यात पकडा, असं तुम्ही सांगितल्यापासून आम्ही एंजलला जाळी लावत नाही. मुख्य टँकमध्येही तो शेवटी, आधी चार-पाच दिवस भोकांच्या पारदर्शक डब्यात, म्हणजे जुने मासे काचेपलीकडूनच त्याला सरावतात.

कोरलबद्दल तुम्ही कधी खोटा भरवसा दिला नाहीत, याचं विशेष वाटतं. भरपूर खायला घातलं तर माशाचं कोरलला टोचणं कमी होतं, थांबेलच असं नाही. मांसल एलपीएस आणि झोआ हे कोरल आणि ट्रायडॅक्ना शिंपला ज्यांना जिवापाड प्रिय आहे, त्यांना तुम्ही सरळ ‘हा मासा घेऊ नका’ म्हणता. दुसरा एंजल आणून जोडी जमवू, म्हणणाऱ्यांनाही ‘चारशे लिटरच्या आत नको, आणि घेतलाच तर आकाराने स्पष्ट लहान घ्या’ असं बजावता. दोन सारख्या आकाराचे मासे जागेसाठी भांडत राहतात. लहान असेल तर तो मादी म्हणून राहण्याची शक्यता जास्त.

एक विनंती. तांब्याचा रोजचा डोस आणि मोजमाप लिहायचा तुमचा तक्ता नव्या मंडळींना पुन्हा एकदा द्यावा.

आपले ऋणी,
खाऱ्या पाण्याचे टँक सांभाळणारे आम्ही सर्व